तुलनेचा वेल

गाठ आधी माझ्या अंगठ्याला लागली, डोळ्यांना ती मागाहून दिसली. सकाळी काचघरात आले की मी पांढरा एप्रन चढवते, तुलनेच्या खोलीत शिरते आणि एकेका वेलाच्या खोडावरून अंगठा फिरवत जाते. साल कुठे मऊ पडली, कुठे कीड बसली, हे डोळ्यांच्या आधी अंगठ्याला कळतं. दारापासून तिसऱ्या वेलाशी अंगठा अडला. जमिनीपासून वीतभर वर सालीखालून काहीतरी बाहेर रेटत होतं. सुपारीएवढं, गोल, टणक. मी हात मागे घेतला, पुन्हा लावला, मग उकिडवी बसून बघितलं आणि ‘जखमेची गाठ असेल’ असं स्वतःलाच मोठ्याने सांगितलं. रिकाम्या खोलीत तो आवाज इतका खोटा वाटला की मी इकडेतिकडे पाहिलं. जखमेची गाठ वेडीवाकडी असते. ही अशी होती की कुणीतरी आतून मूठ वळून धरली आहे. तीस वर्षं पलीकडच्या खोलीत मी ह्या कळीची वाट पाहिली होती, आणि ही बया उगवली होती अलीकडच्या खोलीत, जिथे तिने येऊ नये एवढ्याच एका कारणासाठी मध्ये काचेची भिंत घातलेली आहे.

आम्ही ज्या वनस्पतीचा अभ्यास करतो तिला पान नाही, मूळ नाही, खोड नाही. ती दुसऱ्या वेलाच्या अंगात राहते. केसाहून बारीक धाग्यांनी त्याच्या लाकडात पसरते, त्याचं पाणी पिते, त्याचं अन्न खाते, आणि बाहेरून बघणाऱ्याला वेल आपला वेलच दिसतो. वर्षानुवर्षांत एकदा कधीतरी साल फाडून कळी बाहेर येते, दीड-दोन महिने फुगते आणि उमलते. चार-पाच दिवसांत फूल सडतं की संपलं. पुन्हा आत. प्रयोगशाळेत सगळे तिला ‘पाहुणा’ म्हणतात आणि वेलाला ‘यजमान’. काचघरात पाहुण्याला फुलवणं आजवर आम्हाला जमलं नव्हतं, कुणालाच जमलं नव्हतं. काचघराच्या दोन खोल्या आहेत. एका खोलीत पाहुणा असलेले वेल, दुसरीत नसलेले, तुलनेसाठी. सकाळी आधी तुलनेची खोली, पांढऱ्या एप्रनमध्ये. मग हात धुऊन हिरवा एप्रन आणि पाहुण्याची खोली. हिरव्यातून पांढऱ्यात त्या दिवशी परत जायचं नाही, आग लागली तरी. हा नियम प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, आमच्या सरांनी, घातला आणि सोवळं पाळावं तसा मी तो पाळला. नवीन आलेली मुलं पाठीमागे हसतात, हसू देत. माझं अर्धं आयुष्य हिरवा आणि पांढरा ह्यांत गेलं आणि मला त्याचा अभिमान होता, आज सकाळपर्यंत.

कारण ह्या दोन खोल्यांतूनच आमचा तो शोध निघाला. दोन्हीकडच्या वेलांची पानं मी पट्टीने मोजली, खोडांचा घेर मोजला, पानांतली साखर काढली, वर्षामागून वर्षं. फरक शून्य. सरांनी लिहिलं आणि खाली माझंही नाव घातलं, की हा पाहुणा यजमानाला ओझं होत नाही. परजीवी, पण निरुपद्रवी. लोकांना असलं ऐकायला फार आवडतं. सरांना पदक मिळालं. एका वर्तमानपत्राने ‘ओझं न होणारा पाहुणा’ असा मथळा दिला आणि दादाने ते कात्रण फ्रेम करून बैठकीत लावलं. दादा माझा मोठा भाऊ, दुसऱ्या शहरात असतो. आज सकाळी निघायच्या आधी मी त्याला फोन केला होता. ज्या रानात हा पाहुणा आपणहून फुलतो तिथल्या अभ्यासकेंद्राने मला तीन महिन्यांसाठी बोलावलं आहे. मी विचारलं, तेवढे तीन महिने आईला नेशील का? दादाने आधी वहिनीच्या गुडघ्यांचं सांगितलं, मग जिन्याचं, मग आईला माझ्याकडची सवय झाली आहे ते सांगितलं. शेवटी हसून म्हणाला, “अगं, आईचा तुला काय त्रास आहे? तूच सिद्ध केलंयस ना, पाहुण्याचं यजमानाला ओझं होत नाही म्हणून?” तो हे दरवर्षी म्हणतो. दरवर्षी मीही हसते. आजसुद्धा हसले, फोन ठेवला आणि आईला औषध देऊन बाहेर पडले.

दादा चुकीचं बोलत नाही, हीच तर पंचाईत आहे. आईचा खरंच त्रास नाही. ती काही मागत नाही. मला लवकर ये असं तिने आजवर एकदाही म्हटलेलं नाही. ती फक्त जेवायची थांबते. मी नऊला आले तर नऊपर्यंत थांबते, आणि ताट वाढल्यावर म्हणते, मला काही एवढी भूक नव्हती. मग मी सहाला येते. परगावच्या परिषदेला जाऊ नको असं ती म्हणत नाही, नुसती दोन दिवस आधीपासून गोळ्या विसरते. एका माणसाशी माझं बोलणं बरंच पुढे गेलं होतं, तेव्हाही तिने हूं की चूं केलं नाही. मोठ्या मनाने म्हणाली, माझं काय, मी राहीन कुठेही. त्या ‘कुठेही’मध्ये इतकी जागा होती की तो भला माणूस त्यातून केव्हा निघून गेला ते कळलंच नाही. मी तिला कधी दोष दिला नाही. द्यायचा कशावरून? माझ्या अंगावर ओरखडा नाही. नोकरी केली, नाव झालं, आजारी पडले नाही. आईबरोबर राहिले नसते तर मी कशी झाले असते, हे मोजायला दुसरी मी कुठे आहे? एक दादा होता. आईपासून दूर राहिलेला तोच माझा तुलनेचा वेल. त्याच्याकडे बघून मी वर्षानुवर्षं स्वतःची समजूत घातली, की बघ, त्याचंही टक्कल पडलं, त्यालाही रक्तदाब आहे, तोही रविवारी संध्याकाळी उगाच उदास होतो. म्हणजे फरक शून्य. पण तो आईला फोन करून झाल्यावर तासभर कुणाशी बोलत नाही असं वहिनीने एकदा सांगितलं होतं, ते मी मोजमापात धरलं नव्हतं.

गुडघे दुखायला लागले तेव्हा लक्षात आलं की मी अजून त्या वेलासमोर बसलेली आहे. एकच गोष्ट ठरायची होती. ही गाठ नवीन की जुनी? नवीन असेल, म्हणजे रानातून आलेल्या एखाद्या बुटाने, एखाद्या कुंडीने ह्याच एक-दोन वर्षांत बी इकडे आणलं असेल, तर शोधाला धक्का नाही. निष्काळजीपणाबद्दल चार शब्द ऐकून घ्यायचे. पण धागा पहिल्यापासून आत असेल तर आमचे तुलनेचे वेल कधी निरोगी नव्हतेच. मग आम्ही तीस वर्षं आजाऱ्याशेजारी आजारी बसवून दोघांना पट्टीने मोजलं आणि दोघं सारखेच दिसतात म्हणून टाळ्या घेतल्या. आणि पहिल्यापासून असेल कसा, हे मला नेमकं माहीत होतं. तुलनेचे वेल बियांपासून वाढवू, असं मी तेव्हा म्हटलं होतं. सरांनी रानातून आणलेल्या, पाहुणा असलेल्या त्याच वेलाच्या टोकाचे कोवळे कोंब कापून लावले. टोकापर्यंत पाहुणा पोचत नाही, टोक स्वच्छ असतं, असा तेव्हा सगळ्यांचाच समज होता. मी पुन्हा बियांचं काढलं तर म्हणाले, बियांचे वेल मोठे होईपर्यंत आपण म्हातारे होऊ. कोंब लावले, तरी म्हातारे झालोच. मला तिथे त्या ओल्या फरशीवर असा काही संताप आला की सांगता येत नाही. सरांचा आला, आणि दुसऱ्यांदा सांगून गप्प बसणाऱ्या त्या मुलीचाही आला, जिला तिसऱ्यांदा बोलायला तोंड नव्हतं. नियम एवढे कडक, सोवळं एवढं मोठं, आणि विटाळ पहिल्या दिवसापासून घरातच.

सर शनिवारी निवृत्त होणार होते. त्यांच्या खोलीत पुस्तकांचे गठ्ठे दोरीने बांधून ठेवले होते आणि खुर्चीवर बसायला जागा नव्हती, म्हणून ते टेबलाच्या कडेला टेकून चहा पीत होते. शनिवारच्या भाषणासाठी विनोद शोधतो आहे म्हणाले. मी म्हटलं, सर, कळी आली आहे. त्यांनी कप कुठे ठेवला हे त्यांनाही कळलं नसेल. सत्तरीला टेकलेला माणूस, डॉक्टरांनी जिने चढू नका सांगितलेला, तो माझ्यापुढे दोन पावलं चालत होता. वाटेत म्हणाले, काचघरात फुललं, अगं, काचघरात फुललं. रानातलं उमललेलं फूल त्यांनी तरुणपणी एकदा पाहिलं होतं. आम्ही दोघं एकदाच त्या रानात गेलो तेव्हा फूल सडून काळा चिखल झाला होता, आणि पुढचं फूल निघायच्या आत वडील गेल्याचा निरोप आला म्हणून मी परतले. तेव्हापासून आई माझ्याकडे आहे. फूल मी कधीच पाहिलेलं नाही, हे सरांना माहीत आहे. माझ्याविषयी फार गोष्टी माहीत असलेला तो एकच माणूस आहे. काचघराच्या दाराशी त्यांनी सवयीने हात लांब केला आणि खुंटीवरचा हिरवा एप्रन काढला. मला वाटलं आत्ता बोलू नये, त्यांना घालू द्यावा, पाहुण्याच्या खोलीत शोधून रिकाम्या हाताने परतू द्यावं. पण नियम म्हणजे नियम.

“हिरवा नको, सर,” मी म्हटलं. “पांढरा.”

ते हिरवा एप्रन हातात धरून उभे राहिले. मग एप्रन घडी करून खुंटीवर ठेवायला गेले, घडी खुंटीवर राहते कुठे, ती खाली पडली, ती तशीच राहू दिली आणि पांढरा घातला. बंद माझ्याकडून बांधून घेतले. तिसऱ्या वेलाशी त्यांना स्टूल दिलं तर त्यावर बसून ते कळीकडे फार वेळ बघत राहिले, आणि मला दिसलं की सगळं कळूनही त्या माणसाला आनंद झाला आहे. तो त्यांना लपवता येत नव्हता. हळूच बोट लावून म्हणाले, जिवंत आहे, फुगते आहे. मी त्यांना काय ते सगळं सांगितलं, म्हणजे त्यांनाच ठाऊक असलेलं परत सांगितलं: नवीन की जुनं हे एकाच रीतीने कळेल. खोड अगदी बुंध्याशी कापायचं, मधलं पहिल्या वर्षाचं लाकूड काढायचं, त्याचे पातळ काप करून रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. त्यात धागा नसेल तर आपण सुटलो. सर म्हणाले, वेल मरेल. मी म्हटलं, हो. कळी मरेल, म्हणाले. मी म्हटलं, हो.

“उमलू दे आधी,” सर म्हणाले. “मग काप. दोन महिन्यांनी काय आभाळ कोसळतं?”

“शनिवार होऊन जातो, सर.”

ते दुखावले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मग अगदी हलक्या आवाजात, घरच्या माणसाशी बोलावं तसे म्हणाले, “शनिवारचं सोड गं. तू पाहिलेलं नाहीस अजून. एकदा बघ तरी.”

हे त्यांनी मनापासून म्हटलं, तेच जास्त वाईट. सरांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. माझं काम स्वतःच्या नावावर खपवलं नाही, आवाज चढवला नाही, उलट प्रत्येक भाषणात माझा उल्लेख केला. फक्त थांब म्हणाले. बियांचं म्हटलं तेव्हा थांब, मला स्वतंत्र विषय हवा होता तेव्हा थांब, रानातलं बोलावणं ह्यापूर्वी आलं तेव्हा थांब, पुढच्या हंगामात दोघं जाऊ. दर वेळी कारण चांगलं आणि दर वेळी माझ्याच भल्याचं. आणि मी थांबले. मला कुणी बांधलं नव्हतं. आता हे शेवटचं थांब, आणि नेमकं तेच दाखवून, जे बघायला मी जन्म काढला. मला ते फूल बघायचं होतं. खोटं कशाला बोलू, इतकं बघायचं होतं की तोंडाला पाणी सुटावं तसं काहीतरी झालं. दोन महिने रोज सकाळी येऊन अंगठ्याने चाचपायचं, साल फाटताना बघायची, पाकळ्या सुटताना खुर्ची टाकून समोर बसायचं. मग मन म्हणालं असतं, आता उमललेलं कसं कापायचं. मग ते सडलं असतं, आणि मग कुणी विचारलं असतं की आता कापून काय उपयोग, सर निवृत्त झाले, तूही दोन वर्षांत होशील, झाकली मूठ सव्वा लाखाची. हे सगळं मला पाठ होतं. मी उठले आणि ट्रेमधली बारीक करवत घेतली.

“जरा धरता का वरून?” मी विचारलं. “कलंडेल नाहीतर.”

मला वाटलं ते उठून जातील. ते स्टूलावरून खाली आले, कष्टाने गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी वेल धरला, कळीच्या थोडं वर, कळीला हात लागणार नाही असा. मी बुंध्याशी करवत लावली. ओलं लाकूड फार आवाज करत नाही. वेल सुटला तेव्हा तो सगळा भार त्यांच्या हातांवर आला आणि ते काही वेळ तसेच, तो धरून, बसून राहिले. काप मी केले. माझा हात अजून चांगला आहे. रंग चढेपर्यंत आम्ही दोघं बाकावर बसलो. सूक्ष्मदर्शकात आधी मी पाहिलं. पहिल्या वर्षाचं लाकूड, अगदी मधल्या गाभ्याशी, आणि त्यातून जाणारी जांभळ्या पेशींची एक रांग, एकीपुढे एक, सरळ. मग दुसरी. मग नजर बसल्यावर जिकडेतिकडे. किती सुंदर होतं ते, आणि किती वर्षं किती स्वस्थपणे ते तिथे राहत होतं. मी बाजूला झाले. सरांनी चष्मा काढून डोळा लावला, चाक हळूहळू फिरवलं, पुष्कळ वेळ पाहिलं. वर न बघताच म्हणाले की शोध आपण मागे घेतो आहोत असं मीच लिहितो, आणि शनिवारी व्यासपीठावरून मीच सांगतो. विनोद तसाही सापडत नव्हता. मग म्हणाले, बियांचं तू दोनदा म्हटलं होतंस. मी हो म्हटलं. कळी मी पाण्यात ठेवून पाहिली, उगाच. दुपारपर्यंत तिचं टोक काळवंडलं.

घरी पोचले तेव्हा साडेसात झाले होते. आई जेवायची थांबली होती. मी चप्पल काढली आणि हात न धुता दादाला फोन लावला. धुतले असते तर लावला नसता. त्याला म्हटलं, पुढच्या महिन्यात आईला न्यायला ये. तीन महिने. तो गुडघ्यांवर आला, जिन्यावर आला. मी म्हटलं, तळमजल्यावर सोय कर. मग तो हसला आणि ते वाक्य म्हणायला लागला, तूच सिद्ध केलंयस ना.

“ते चुकलं होतं, दादा,” मी म्हटलं. “तुलनेचे वेलही तसलेच निघाले. आम्हाला माहीत नव्हतं. ते कात्रण उतरव.”

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता, तो कुणीतरी कमी केला. मग दादा वेगळ्याच, लहानपणीच्या आवाजात म्हणाला, बरं, येतो. इतकंच. वहिनीला विचारतो असंही नाही. एवढ्या वर्षांचं घोडं अडलं होतं आणि ते दोन वाक्यांत पुढे सरकलं, ह्याचाच मला राग आला. फोन अजून कानाशी होता. दारात आई उभी होती. केव्हापासून उभी होती कुणास ठाऊक. मी मनात तयारी केली: आता ती म्हणेल, माझं काय, मी राहीन कुठेही. मग तिच्या गोळ्या, मग तिची भूक. ह्या सगळ्याला काय उत्तर द्यायचं ते मी बसमध्ये ठरवून आले होते, शब्दासकट.

आईने भिंतीला हात टेकला. चेहरा नेहमीसारखाच होता, पण डोळ्यांत काहीतरी हललं, लांबच्या गावाला निघालेल्या माणसाच्या डोळ्यांत हलतं तसं.

“त्याला विचार,” ती म्हणाली, “त्याच्याकडे अंगणात बसता येतं का? इथे तुझ्यामुळे मला कुठे बाहेर पडता आलं नाही.”

पलीकडून दादा ‘काय म्हणतेय, काय म्हणतेय आई’ असं विचारत होता.